मंतू (अफगाणी): तीनदा केले, तीनदा फसले. कुठे चुकतंय?

केशरवेल

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, ही पाकृ (पाककृती) नाही, तक्रार आहे. पाकृ तुम्ही मला द्यायची आहे.

आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. इथल्या सेंटरव्हिल भागाला लोक 'लिटल काबूल' म्हणतात. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, त्यानंतर देश सोडून निघालेली बरीच कुटुंबं हळूहळू या भागात येऊन राहिली. आमच्या खालच्या मजल्यावर त्यांतल्याच एक आजी आहेत. सगळे त्यांना खाला जान म्हणतात, म्हणून आम्हीही. मधली काही वर्षं पेशावरात काढल्यामुळे त्यांना उर्दू येतं, आणि राहिलेलं हिंदी मालिकांनी शिकवलंय.

गेल्या ईदेला त्यांनी एक मोठं ताट वर पाठवलं. खाली लसणीचं घट्ट दही पसरलेलं, त्यावर मंतू, म्हणजे खिमा-कांद्याच्या उकडलेल्या पुड्या, इतक्या पातळ की आतलं सारण दिसत होतं. वर पुन्हा दही, मग टोमॅटोच्या रश्श्यात शिजलेली चण्याची डाळ, आणि सगळ्यावर चुरडलेला सुका पुदिना. नवरा जेवताना बोलत नाही हे नेहमीचंच, पण त्या दिवशी मुलगाही बोलला नाही.

आता खाला जान दोन महिने लेकीकडे सॅक्रामेंटोला गेल्यात. फोन करून विचारलं, मैदा किती? म्हणाल्या, "अंदाज़ा." पाणी? "अंदाज़ा." म्हटलं खाला, हा शब्द आमच्याकडेही आहे आणि आमच्या आज्यासुद्धा याच शब्दाने छळतात.

पहिल्यांदा दुकानातल्या वाँटनच्या तयार चकत्या आणल्या. चाळीस मिनिटं उकडल्यावर त्यांची पेज झाली. दुसऱ्यांदा चपातीची कणीक वापरली; फाटली नाही, पण खिमा भरलेली जाड पोळी खाल्ल्यासारखं वाटलं. तिसऱ्यांदा मैदा मळला, लगेच लाटला, भरला, उकडायला ठेवला. झाकण काढलं तर निम्म्यांचे तळ चाळणीला चिकटून बसलेले आणि खाली पाण्यात खिम्याचा रस्सा तयार.

चूक मैद्यात आहे, सारणात आहे की माझ्यात?


पोटोबा

फोटो नाहीत? मग फाटले कशावरून? :)

गंमत सोडा. म्हणजे हे मोमोच ना?


मुळामुठा

मोमो नव्हे हो पोटोबा. पुण्यात एमएस्सीला असताना आमच्या घरात तिघे होतो, त्यातला एक मझार-ए-शरीफचा. (तेव्हा पुण्यात अफगाण विद्यार्थी पुष्कळ यायचे, हे इथल्या पुणेकरांना सांगायला नको.) त्याला कोणी मोमो म्हटलं की तो दुखावायचा. मोमोबरोबर चटणी वेगळी येते, आपण बुडवून खातो. मंतूचं अर्धं काम ताटात होतं. दही, डाळ, पुदिना हे तोंडीलावणं नाही, तो पदार्थाचाच भाग आहे. नुसते उकडलेले मंतू त्याने आमच्यापुढे कधीच ठेवले नाहीत.

केशरवेल, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: तो कांदा पिळायला लावायचा. एवढं एकच मला पक्कं आठवतंय, कारण ते काम माझ्याकडे असायचं.


दगडफूल

केशरवेल, तीन प्रश्न. कांदा किती घेतलास, किती बारीक चिरलास, आणि मीठ कधी घातलंस?


केशरवेल

दगडफूलताई, अर्धा किलो खिमा आणि जवळजवळ तेवढाच कांदा. खाला जाननी तेवढं एक प्रमाण दिलं होतं: जितकं मांस तितका कांदा. मिक्सरमधून काढला. मीठ सकाळीच घातलं, मुरावं म्हणून.


दगडफूल

मग झालं तर. मैद्याला उगाच दोष देऊ नकोस.

मिक्सरमधून काढलेला कांदा म्हणजे पाणीच. त्यात मीठ घालून सकाळपासून ठेवलास तर तो जेवढं पाणी सोडू शकतो तेवढं सोडणार. ते पाणी लाटीला आतून भिजवतं, वाफ बाहेरून भिजवते, आणि सगळं वजन तळावर. फाटणार नाही तर काय होईल?

मी मंतू कधी केलेले नाहीत, खोटं कशाला बोलू. पण नागपंचमीला पुरणाची दिंडं चाळीस वर्षं करते आहे, आणि तुझी गोष्ट वाचताना मला माझं लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. पुरण सैल होतं. सासूबाईंनी झाकण काढलं आणि काही न बोलता पुन्हा ठेवलं. तेव्हापासून मला कळलं की उकडायच्या कुठल्याही पदार्थाचं सारण आधी कोरडं पाहिजे, मग बाकीच्या गप्पा.

सगळे लगेच मोदकाकडे धावतील म्हणून आत्ताच सांगते: मोदकाशी याची तुलना करू नका. मोदकाची उकड तांदळाची, आधीच शिजवलेली. ती पंधरा मिनिटांत होते. हे कच्च्या गव्हाच्या पिठाचं आवरण आहे आणि आत कच्चं मांस. याचं नातं दिंडांशी. दिंडंसुद्धा गव्हाचीच, पारी लाटून चारी बाजू मध्ये दुमडायची आणि उकडायची.

कांदा सुरीने बारीक चीर. चिमूटभर मीठ लाव, दहा मिनिटांनी फडक्यात घालून घट्ट पीळ, मग खिम्यात मिसळ. बाकीचं मीठ भरायच्या अगदी आधी.


अनारदाणा

वाखुसा (वाचनखूण साठवली). आणि तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं).

शाकाहारी लोकांनी काय करायचं? दरवेळी सोयाचा चुरा नका सुचवू, हात जोडते.


हाम्बुर्गकर

अनारदाणा, तुमच्यासाठी आशक. तो अफगाणिस्तानातलाच, मंतूचा जवळचा नातेवाईक. त्यात गंदना नावाची पातीची भाजी भरतात. दिसते लांब चपट्या पातीसारखी, वास कांदा आणि लसूण यांच्या मधला. बारीक चिरून, मीठ-तिखट लावून, पाणी पिळून भरायची (पुन्हा पिळणं आलंच). आशक वाफवत नाहीत, उकळत्या पाण्यात सोडतात. वरून तेच लसणीचं दही आणि सुका पुदिना. घरोघरी त्यावर खिम्याचा रस्सा घालतात, तिथे तुम्ही चण्याच्या डाळीचा घाला, कोणी पोलीस येत नाही. गंदना मिळाला नाही तर कांद्याची पात आणि थोडी लसणीची पात मिसळा.

मी हँबुर्गला असतो. जर्मनीतली सर्वांत मोठी अफगाण वस्ती या शहरात आहे. मुख्य स्टेशनाजवळच्या श्टाइनडामवर गेलं की सुका पुदिना, कुरूत, नान सगळं एका रस्त्यावर मिळतं. माझ्या सहकाऱ्याच्या घरी मंतूच्या सारणात कोबी आणि गाजरही असतं, खिमा आधी परतून घेतात. मग वाफेला वीस मिनिटं पुरतात. त्यामुळे केशरवेल यांना कच्च्या सारणाची धास्ती वाटत असेल तर ही पळवाट आहे. मला विचाराल तर चव कच्च्या सारणाचीच सरस. कांद्याचा आणि मांसाचा रस आवरणाच्या आत राहतो, पहिला घास तोडला की जिभेवर येतो.


पोटोबा

कुरूत म्हणजे?


हाम्बुर्गकर

ताक-दह्याचा चोथा, मीठ लावून, गोळे वळून, खडखडीत वाळवलेला. दगडासारखा होतो, महिनोन्‌महिने टिकतो. वापरायच्या वेळी कोमट पाण्यात भिजवून खरबरीत भांड्यात घासत बसायचं, की आंबट-खारट दाट पांढरा रस्सा तयार. हिवाळ्यात ताजं दूध नसायचं त्या मुलखात हेच दही. पण मंतूवर आताशा बहुतेक घरांत साधं टांगलेलं दहीच असतं, त्याला ते चका म्हणतात.


केशरवेल

चका!! हे सांगायचं राहूनच गेलं. खाला जान पहिल्यांदा म्हणाल्या, "चका वर घाल", तर मला वाटलं माझ्याकडून मराठी शिकल्या. त्या दह्याच्या पुरचुंडीकडे बोट दाखवत होत्या. मी म्हटलं, आम्ही पण याला चक्काच म्हणतो आणि त्यात साखर घालून श्रीखंड करतो. दह्यात साखर म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ना... दुसऱ्या दिवशी वाटीभर दिलं. वाटी धुऊन परत आली, म्हणजे आवडलं असावं.


मुळामुठा

दरी भाषेत (अफगाणिस्तानातली फारसी) 'चकीदन' म्हणजे ठिबकणं. पाणी ठिबकून उरतो तो चका. आमचा मझारवाला सांगायचा.


खडीसाखर

मराठीतला चक्का तिथूनच आला असं म्हणायचंय का? पुरावा?


मुळामुठा

असं मी म्हटलेलं नाही. त्यांचा शब्द कुठून आला तेवढंच सांगितलं. आपल्याकडे खिमा, पुलाव, अंदाज हे फारसीतून आलेच आहेत, चक्क्याचं तुम्ही शोधा.


दगडफूल

व्युत्पत्तीवर भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा. इथे एका बाईचे मंतू फाटतायत.


पोटोबा

अवांतर: पानिपतावर अब्दालीच्या छावणीत हेच शिजत असेल का? :) आपले उपाशी आणि ते मंतू खाऊन ताजेतवाने!


खडीसाखर

पोटोबा, १७६१ च्या जानेवारीत आपल्या लोकांची उपासमार झाली होती, त्यावर विनोद मला तरी जमत नाही. आणि टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला. मंतूवरचा लाल रस्सा ही फार जुनी गोष्ट असूच शकत नाही.

पुडी मात्र खूप जुनी आहे. चीनमध्ये मांतौ (तिथे आज हा बहुधा बिनसारणाचा वाफवलेला पाव), कोरियात मांडू, उझबेकिस्तानात मांती, तुर्कस्तानात मान्ती. तुर्कस्तानातल्या कायसेरीचे मान्ती इतके चिमुकले की एका चमच्यात चाळीस मावले पाहिजेत म्हणतात. उझबेक लोक मोठे करतात, मांस सुरीने तोडून घालतात, वर दाट आंबट साय. चण्याची डाळ मात्र मी काबूलकडच्याच ताटात पाहिली आहे. दिल्लीत लाजपत नगरला नोकरीनिमित्त दोन वर्षं होतो, तिथल्या अफगाण खानावळींत दर रविवारी.


पोटोबा

बरं, चुकलं. डाळीचं सांगा.


खडीसाखर

राग नाही हो. डाळ भिजवून शिजवायची, पण बोटाने दाबली तर दबेल इतकीच. कुकरमध्ये विरघळली तर तिचं वरण होईल आणि ताट बिघडेल. कांदा, लसूण, टोमॅटो, धनेपूड, थोडं तिखट, आणि रस्सा आमटीपेक्षा दाट. कधी त्यातच मूठभर खिमा. आपल्या मसाल्याचा मोह आवरा. गोडा मसाला किंवा गरम मसाला ओतलात की मंतू हरवले. सारणात धणे, जिरे, काळी मिरी. पुरे.


सुगरणीचा_नवरा

इथे मैद्याबद्दल कोणीच बोलत नाहीये. आमच्या घरी लाटण्याचं खातं माझ्याकडे आहे, म्हणून लिहितो.

तीन वाट्या मैदा, चमचाभर मीठ, हवं तर एक अंडं, आणि पाणी जपून, एकदम वाटीभर ओतू नका. पीठ पुरीपेक्षाही घट्ट हवं. मळताना हात दुखले पाहिजेत, दहा मिनिटं तरी. मग ओल्या फडक्याखाली तासभर झोपू द्या. केशरवेलताई, तुम्ही 'लगेच लाटला' लिहिलंय, तिथे तुमची दुसरी चूक. न मुरलेला मैदा लाटताना मागे खेचतो, आपण जोर लावतो, मधे पातळ आणि कडेला जाड राहतो. मधला भागच तळाला येतो आणि तोच फाटतो.

मोठी पोळी लाटून सुरीने तीन-तीन इंचांचे चौकोन कापायचे. मधोमध चमचाभर सारण. समोरासमोरची दोन टोकं वर आणून चिमटायची, मग उरलेली दोन त्यावर आणून चिमटायची. वर अधिकचिन्हासारखी शिवण दिसते. मग शेजारशेजारचे दोन-दोन कान जोडायचे. बाजूला छोट्या फटी राहिल्या तरी चालतात, वाफ तिथूनच आत जाते. मोदकासारखं गच्च बंद करायला जाऊ नका.

कापलेले चौकोन फडक्याखाली ठेवा. उघडे राहिले की कडा सुकतात आणि चिकटत नाहीत.


रानमेवा

आणि भांडं? अफगाण घरांत मजल्या-मजल्यांचं ॲल्युमिनियमचं मंतूचं भांडं असतं, एकावर एक चार-पाच भोकांच्या ताटल्या. आमच्याकडे मोदकपात्र आहे. चालेल?


सुगरणीचा_नवरा

चालेल की. ढोकळ्याच्या स्टँडमधलं ताट नको, त्याला भोकं नसतात आणि पाणी साचतं. इडलीपात्रही नको. चाळणीला तेल सढळ हाताने. मंतू एकमेकांना टेकता कामा नयेत. आणि झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर झाकणाचे थेंब टपटप वर पडून वरचं आवरण चिकट होतं. पाणी उकळल्यावरच ठेवायचे. कच्चं सारण असेल तर ३५ ते ४० मिनिटं. मधे खालचं पाणी आटतंय का बघा. एकदा आमचं मोदकपात्र जळलं आणि माझं लाटण्याचं खातं महिनाभर निलंबित झालं होतं.


दगडफूल

चाळणीवर कोबीची पानं अंथरली तर चिकटण्याचा प्रश्नच मिटतो. हळदीचं पान नको, त्याचा वास सगळ्यावर चढेल.


रानमेवा

रच्याकने (जाता जाता), तिकडे मांस गाईचं किंवा मेंढीचं असतं, मेंढीही दुंबा जातीची, शेपटीत चरबीचा गोळा असलेली. आपल्याकडच्या बोकडाच्या खिम्याला तेवढी चरबी नसते आणि सारण कोरडं होतं. कसायाला सांगून थोडी चरबी खिम्यातच घालून घ्यावी. मी अकोल्यात तसंच करते. चरबी नको असेल तर दोन चमचे तूप, पण मग ते मंतू तुमचे, काबूलचे नव्हेत.


केशरवेल

सगळ्यांचे आभार. शनिवारी बसते.


केशरवेल

मंडळी, अहवाल.

कांदा सुरीने चिरला. रडले. फडक्यात घालून पिळला तर पाऊण वाटी पाणी निघालं. पाऊण वाटी! हे सगळं मी मागच्या वेळी त्या बिचाऱ्या पुड्यांमध्ये भरलं होतं. दगडफूलताई, तुम्हाला इथूनच नमस्कार.

मैदा तासभर मुरवला आणि खरंच सांगते, वेगळंच पीठ झालं. लाटताना मागे येत नव्हतं. चौकोन कापायला मुलाने शाळेची पट्टी आणली (धुऊन घेतली). पहिले दहा मंतू पाकिटासारखे दिसत होते, विसाव्यानंतर हात बसला. कानाला कान जोडायचं काम नवऱ्याने घेतलं आणि कधी नव्हे तो गप्पा मारत बसला. एकूण ४३ झाले.

इथे मोदकपात्र नाही, बांबूची दोन मजली चाळण आहे. कोबीची पानं, झाकणाला फडकं, ३८ मिनिटं. झाकण काढायला कोणी तयार होईना.

चाळीस शाबूत. तीन फुटले, ते पानांवरून उचलताना माझ्याच चिमट्याने.

दही टांगलं होतंच. लसूण मिठाबरोबर खलात वाटली, दह्यात घातली, पाण्याने जरा सैल केलं. एक चूक झाली: दही फ्रिजमधून थेट काढलं, त्यामुळे ताटाला लागताच खालचे मंतू गार पडले. पुढच्या वेळी तासभर आधी बाहेर काढीन. डाळ खडीसाखर म्हणाले तशी, दबेल पण मोडणार नाही. वर पुदिना. आमच्या खिडकीतला मी दोन आठवड्यांपूर्वी सावलीत वाळवला होता. ताजा घालून पाहिला, तर ती चव येत नाही, सुकाच हवा.

खाला जान शुक्रवारीच परत आल्या आहेत. डबा घेऊन खाली गेले. त्यांनी एक मंतू उचलून उलटा केला आणि आधी तळ पाहिला, चव नंतर घेतली. मग "मीठ कमी" म्हणाल्या. मग दुसरा घेतला. तिसरा घेताना विचारलं, कोणी शिकवलं? म्हटलं, एक अकोल्याच्या, एक हँबुर्गचे, आणि एक ताई ज्यांनी हे कधी केलेच नाहीत. त्यांना काही कळलं नाही. "नोशे जान" (खाल्लेलं अंगी लागो) म्हणाल्या आणि डबा ठेवून घेतला.


दगडफूल

तळ पाहिला म्हणजे बाई पक्की आहे. माझ्या सासूबाई दिंड असंच उलटं करून बघायच्या.

मीठ कमी झालं ते कांद्याचं पिळून गेलं म्हणून. पुढच्या वेळी पाव चमचा वाढव.


अनारदाणा

मी काल कांद्याच्या पातीचे आशक केले. निम्मे पाण्यात सुटले, पण दह्याखाली झाकले आणि कोणाला कळलं नाही.

केशरवेल, उरलेल्या मैद्याचं काय केलंत? माझा मूठभर उरलाय.


केशरवेल

खाला जानना विचारलं. पातळ लाटून शेवयांसारख्या पट्ट्या काप आणि आशमध्ये घाल, म्हणाल्या. आश म्हणजे त्यांचं शेवयांचं दाट सूप, त्यावरही दही आणि पुदिना. मी पट्ट्या कापून ओट्यावर वाळत घातल्या आहेत. चण्याची डाळ उरली आहे, ती पण त्यातच जाईल.